‘घरात बसून घाबरवणं सोपं’ म्हणणाऱ्या वाचकांना

तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली आहे. रस्त्यावरच्या धुळीतल्या जड धातूंवरचा माझा लेख तुम्हाला झोंबला. तुमचं म्हणणं असं: पेट्रोलमधलं शिसं २००० सालीच बंद झालं, नाशिकची हवा दिल्लीपेक्षा कैक पटींनी बरी, सगळे धूळ खाऊनच मोठे झाले, सिंहस्थाच्या तोंडावर शहराची बदनामी कशाला, आणि ‘घरात बसून लोकांना घाबरवणं सोपं असतं’.

दिल्लीचं मान्य. अगदी मान्य.

पण घरात बसून? साहेब, माझे वडील नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या, कारखान्यात क्रोमच्या टाकीवर होते. त्यांचे कपडे आई आमच्या कपड्यांत कधी भिजवायची नाही. क्रोमच्या वाफेनं नाकाच्या पडद्याला भोक पडतं, हे मी पुस्तकात नंतर वाचलं. घरात आधी पाहिलं. आजही रोज संध्याकाळी द्वारका सर्कलच्या कोंडीत मी स्कूटरवर असतो, काच लावलेल्या गाडीत नाही. तुम्ही कुठे बसून लिहिलंत, हे मी विचारलेलं नाही. असला सूर लावायच्या आधी माणूस निदान चौकशी तरी करतो.

राहिलं पेट्रोल. शिसं म्हणजे दूध नव्हे, नासून जायला. ते मूलद्रव्य आहे, विघटन होत नाही. रस्त्याकडेच्या मातीत पडून राहतं, झाडू आणि टायर ते पुन्हा उडवतात. शिवाय घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ साली लागू झाली. त्याआधी रंगवलेल्या ग्रिलचे पोपडे आजही गळताहेत. ब्रेक झिजून तांबं आणि अँटिमनी पडतं, टायर झिजून जस्त. त्याचा पेट्रोल पंपाशी संबंधच नाही, आणि धुराच्या नव्या निकषांतली बीएस-६ गाडी धूर कमी सोडते, टायर कमी झिजवत नाही.

‘धूळ खाऊनच मोठे झालो’ हा पुरावा नव्हे. पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतात. रांगणारं पोर हात तोंडात घालणारच. शिशाची निर्धोक अशी पातळीच माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. बुद्धी थोडी कमी झाली तर ज्याची झाली त्याला कळणार कसं? तुमच्याबद्दल बोलत नाहीये.

सिंहस्थाबद्दल काय बोलायचं! मास्कवाल्यांकडून पैसे घेता का, असंही शेवटी विचारलंत. त्याला उत्तर नाही. पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावानं पाठवलीत तरच छापेन.