चिनी बांबू 5 वर्षं जमिनीखाली दडून राहत नाही

फिरणारा मजकूर असा आहे: चिनी बांबूचं बी पेरून 5 वर्षं रोज पाणी घालायचं. जमिनीवर काहीच दिसत नाही, कारण तेवढ्या काळात मुळं खोल जात असतात. मग पाचव्या वर्षी कोंब येतो आणि 6 आठवड्यांत 90 फूट वाढतो. धीर धरा, असा त्याचा रोख. धीराला आमची हरकत नाही. पण लागवडीच्या चर्चेतही हीच गोष्ट शेतीची माहिती म्हणून सांगितली जाते आणि मेलेल्या बियांना पाणी घालण्यात एखाद्याचा हंगाम जातो.

आधी बियाचं बघू. मजकुरातला बांबू म्हणजे मोसो, शास्त्रीय नाव फायलोस्टॅकिस एड्युलिस, चीनच्या झेजियांग, फूजियान, जियांगशी या प्रांतांतला. त्याचं ताजं बी काही आठवड्यांत उगवतं. आपल्याकडच्या मानवेल किंवा काटस या बांबूंचंही तसंच. बी जेमतेम भाताच्या दाण्याएवढं, त्यात साठा असा किती असणार? हिरवं पान उन्हात येऊन अन्न तयार करू लागलं नाही, तर रोप फार दिवस तगत नाही. मग एकही पान नसताना 5 वर्षं मुळं पोसायची कशावर? सगळा दावा इथेच कोसळतो.

पेरायचंच असेल तर बी कधी जमवलंय ते आधी विचारा, कारण साध्या साठवणीत काही महिन्यांतच त्याची उगवणशक्ती जाते. 24 तास पाण्यात भिजवा, वर तरंगणारं पोचट बी काढून टाका, ट्रेमध्ये 1 सेंटीमीटर खोल पेरा, अर्धी सावली द्या. दीड-दोन महिन्यांत काहीच वर आलं नाही तर ट्रे रिकामा करा. पाणीही माती ओलसर राहील इतकंच. पाणी साचलं की बी कुजतं.

"मुळं खोल जातात" हेही खरं नाही. बांबूला सोटमूळ नसतं. बहुतेक मुळं वरच्या 30 ते 60 सेंटीमीटर थरातच असतात आणि मोसोचे कंद, म्हणजे जमिनीखालची खोडं, त्याच थरात आडवे धावतात. लागवडीत याचा थेट परिणाम दिसतो: वरचा थर तापला, धुपला की बेट लगेच मागे पडतं. म्हणून बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवायचं, उघड्या पडलेल्या कंदांवर पावसाळ्याआधी मातीची भर द्यायची आणि पहिली 2 वर्षं तण वाढू द्यायचं नाही.

वेगाच्या दाव्यात मात्र तथ्य आहे आणि ते गोष्टीपेक्षा कितीतरी सुंदर आहे. जुन्या, भरलेल्या मोसोच्या बनात वसंतात आलेला कोंब दिवसाला 1 मीटरपर्यंत वाढू शकतो आणि साधारण दीड-दोन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. चांगल्या जागी ती 20 मीटरच्या पुढे जाते. तपकिरी, लवदार आवरणात गुंडाळलेल्या त्या कोंबात सगळी पेरं आधीच रचलेली असतात. एकाच वेळी अनेक पेरं लांबत जातात, म्हणून एवढा वेग. वाढताना त्याला पानं नसतात. अन्न येतं ते आजूबाजूच्या जुन्या काठ्यांच्या पानांतून आणि कंदातल्या साठ्यातून. म्हणजे हा वेग भरल्या बनाचा आहे, एकट्या बियाचा नाही.

बियापासूनचं रोप पहिल्या वर्षी तारेसारखी बारीक, गुडघ्याएवढी काडी देतं. पुढच्या वर्षी नवे कोंब थोडे जाड, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. एकदा वर आलेली काठी नंतर जाड होत नाही. जाडी वाढते ती दरवर्षीच्या नव्या कोंबांची. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नवे कोंब जुन्यांपेक्षा बारीक दिसले तर "अजून मुळं जातायत" म्हणून थांबू नका. पाण्याचा ताण, तण, जनावरांनी खाल्लेले शेंडे किंवा साचलेलं पाणी, यांतलं काय आहे ते शोधा.

आणि हे मोसोचं कोष्टक कोकणात लावू नये. त्याला थंड हिवाळा लागतो. इथे उपयोगाचा माणगा: भरीव, बिनकाट्यांचा, साधारण 9-10 मीटर उंच. त्याचं बी मिळत नाही, त्यामुळे लागवड कंदापासून किंवा कांड्यांच्या रोपांपासून होते. 4 बाय 3 मीटरवर लावला तर एकरी सुमारे 330 रोपं बसतात.

उंची गाठली म्हणजे काठी तयार झाली, असंही नाही. पहिल्या वर्षाची काठी कोवळी आणि पाणीदार असते, वाळली की सुरकुतते, तिला भुंगाही लवकर लागतो. चीनमधले मोसो उत्पादक काठीवर ती कोणत्या वर्षी आली ते लिहून ठेवतात. आपल्याकडे रंगाचा एक पट्टा पुरतो, दरवर्षी वेगळा रंग. 3 वर्षं पुरी झालेली काठी पावसाळा संपल्यावर, जमिनीलगतच्या पहिल्या गाठीच्या किंचित वर, पाणी साचणार नाही अशी तोडायची. यंदाच्या आणि गेल्या वर्षीच्या काठ्यांना हात लावायचा नाही, पुढच्या पावसातले कोंब त्यांच्याच पानांवर पोसले जाणार असतात.