हद्दीच्या अलीकडचे आणि पलीकडचे उतारे

भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला उद्देशून एक प्रश्न वरचेवर येतो. रवांडासारख्या गरीब देशाने चार-पाच वर्षांत गावोगावची जमीन नोंदवून काढली, मग आपल्या बेळगाव तालुक्यात उताऱ्यावरच्या मयत आजोबांचे नाव कमी व्हायला पिढी का उलटते? मी रवांडाच्या राजधानीत, किगालीत नोकरीला, म्हणून उत्तर मी द्यायचे. पण माझे लिहून होईपर्यंत तिकडून दोन उत्तरे येऊन पडलेली असतात. एक काका म्हणतात, जमिनीचे उतारे संगणकावर नेणाऱ्या कर्नाटकाच्या ‘भूमी’चे नाव देशभर झालेय, तक्रार कसली करता? दुसरे म्हणतात, महाराष्ट्रात गेलो की सगळे मार्गी लागेल. मग विषय शेतावरून सीमेवर जातो आणि तिथेच राहतो.

मला दोघांचेही पटत नाही. आधी रवांडाचे सांगतो, कारण तिकडे त्याची फक्त वाहवाच पोचलेली दिसते.

मुख्य काम २००९ ते २०१३ मध्ये झाले. एक कोटीहून जास्त तुकडे, आणि खर्च तुकड्यामागे सहा-सात डॉलर. विमानातून काढलेले फोटो मोठे करून गावात आणले, गावातल्याच पोरांना शिकवले, शेजाऱ्यांना बांधावर उभे केले आणि त्यांच्यासमोर फोटोवर रेघ मारली. हरकत असेल तर ती तिथेच, गावासमोर. रेघ थोडी इकडेतिकडे झाली तरी चालेल, पण दोन्ही शेजारी कबूल हवेत. (आमच्या भावकीला हे झेपायचे नाही. आमच्यात चार बोटांच्या बांधावरून दोन घरांचे बोलणे बंद आहे.)

पण एक कोटी कागद छापले हा झाला कामाचा हिशोब. परिणाम वेगळा. कागद हातात आल्यावर माणूस आपल्या जमिनीत असे काय करायला धजला, जे त्याने एरवी केले नसते? हे शोधणे अवघड, कारण कागद नसता तर काय झाले असते ते कुणालाच दिसत नाही. रवांडात त्यावर एक छान तोड निघाली. देशभर काम सुरू होण्याआधी मोजक्या भागांत प्रयोग झाला होता. अभ्यासकांनी त्या भागांच्या हद्दीलगतची घरे घेतली. हद्दीच्या आत नोंदणी झालेली, हद्दीबाहेर न झालेली. माती तीच, उतार तोच, बाजारही तोच. आतल्या लोकांनी बांधबंदिस्तीवर आणि धूप रोखण्यावर कितीतरी जास्त मेहनत आणि पैसा घातलेला आढळला, आणि बाईच घरची कर्ती असेल तिथे हा फरक सर्वांत ठळक होता. कागद मिळाला की गरीब माणूस जमीन विकून मोकळा होईल ही भीती होती, तीही खरी ठरली नाही.

त्याच अभ्यासात दुसरी बाजूही आहे. लग्नाची सरकारी नोंद असलेल्या बायकांची नावे नवऱ्याच्या जोडीने लागली. ज्यांचा संसार रीतीप्रमाणे मांडलेला, पण दाखला नव्हता, त्या मागे पडल्या. हे वाचताना मला आमच्या आत्या आठवल्या. कर्नाटकाने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा १९९४ मध्येच दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. कायदा आमच्याकडे देशाच्या आधी आला आणि हक्कसोडपत्रही त्याच्या मागोमाग आले. बहिणीने माहेर तुटू नये म्हणून सही करायची, आणि उतारा अगदी स्वच्छ, निर्वेध दिसायचा.

नोंदणीनंतरचे दुखणेही रवांडात आहेच. पुढे विक्री किंवा वाटणी झाली की हस्तांतराची फी तीस हजार फ्रँक ठरली, तुकडा मोठा असो की छोटा. छोट्या तुकड्याला ती परवडेना, म्हणून बरेच व्यवहार पुन्हा तोंडी किंवा साध्या कागदावर होऊ लागले. आमच्याकडे पोटहिस्सा विकायचा तर आधी त्या हिस्स्याचा वेगळा नकाशा (११-ई), त्यासाठी मोजणीचा नंबर, त्यासाठी इतर वारसांच्या सह्या. ‘भूमी’ने २००१ च्या सुमारास कोट्यवधी उतारे संगणकावर नेले. तलाठ्याच्या दारातली खेप आणि चिरीमिरी वाचली, हे मोठेच काम. पण जे कागदावर होते तेच संगणकात गेले. बांधावर जाऊन ‘आज इथे कोण कसतो’ हे कुणी विचारले नाही. मयत आजोबा तेवढे छापील अक्षरात आले.

‘कागद झाला की बँक दारात उभी राहील’ हे आमचे काका नेहमी म्हणतात. त्याची परीक्षा अर्जेंटिनात झाली आहे. तिथे ब्युनोस आयर्सच्या कडेला १९८१ मध्ये काही कुटुंबांनी मोकळी जमीन अडवून घरे बांधली. पुढे सरकारने ती संपादित करून रहिवाशांना द्यायचे ठरवले. काही मूळ मालकांनी भरपाई घेतली, काही कोर्टात गेले. त्यामुळे शेजारी शेजारी राहणाऱ्यांत एकाला हक्क मिळाला, दुसऱ्याला नाही, आणि त्यात त्यांचे स्वतःचे कर्तृत्व काहीच नव्हते. हक्क मिळालेल्यांनी घरे नीट बांधली, पोरे जास्त शिकली. कर्ज मात्र फारसे वाढले नाही. आमच्याकडेही अडीअडचणीला आधी सोने बँकेत जाते, उतारा नंतर.

खरी गोष्ट मला इथे राहून कळली ती अशी, की उतारा भावाविरुद्ध चालतो, सरकारपुढे लंगडतो. किगालीच्या कांगोंडो वस्तीतले लोक रोख भरपाईसाठी कोर्टात गेले होते, तरी २०२२ मध्ये ती वस्ती उठली. बेळगावच्या हलगा-मच्छे बायपासला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांकडेही उतारे होतेच. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात अधिसूचनेनंतर हरकतीला २१ दिवस मिळतात आणि अधिसूचना स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात छापावी लागते. बेळगावात ती भाषा म्हणजे बहुधा कन्नड. ज्या म्हाताऱ्याची सगळी शाळा मराठीत झाली, त्याचे २१ दिवस ती वाचून दाखवणारा शोधण्यातच जातात. उतारे आणि नोटिसा मराठीतूनही द्या, ही मागणी म्हणूनच मला अस्मितेइतकीच हिशोबाची वाटते. रवांडात नोंदणी लोकांच्या किन्यारवांडा भाषेत झाली, म्हणूनच बांधावर हरकती येऊ शकल्या.

आणि हे महाराष्ट्रात आपोआप सुटते असे मानणाऱ्या काकांना मी कोल्हापूरकडे बोट दाखवतो. तिथे सातबारा मराठीत, नोटीस मराठीत, तरी शक्तिपीठ महामार्गाविरुद्ध शेतकरी रस्त्यावर उतरलेच.

मग राज्याने काहीच फरक पडत नाही का? पडतो, पण किती ते कुणी मोजलेले माझ्या पाहण्यात नाही, आणि मोजायला आपल्यासारखी जागा दुसरी नाही. आज कोल्हापूर जिल्ह्यात असलेला चंदगड तालुका ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. एकच महसूल पद्धत, एकच कूळकायदा, तीच तांबडी माती, आणि सोयरीक आजही दोन्हीकडे. दुसऱ्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, चंदगड मुंबई राज्यात राहिले. चंदगडच्या बाजूला १ एप्रिल १९५७ हा कुळांना मालक ठरवणारा दिवस आला. बेळगावच्या बाजूला बहुतेक कुळांच्या नावावर जमीन खऱ्या अर्थाने लागली ती १९७४ च्या दुरुस्तीनंतर. मधली सतरा वर्षे ज्याला आपण मालक आहोत हे ठाऊक होते आणि ज्याला नव्हते, त्या दोघांनी विहिरी किती खणल्या? काजू, आंबा कुणी लावला? पोरगी सातवीच्या पुढे कुणी शिकवली?

महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या ८६५ गावांची यादी आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. त्यातली हद्दीलगतची वीस गावे आणि समोरची चंदगडची वीस, एवढ्याने सुरुवात होईल. बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ. दोन्हीकडच्या चार-चार विद्यार्थ्यांना एकत्र पाठवले, तर कन्नड उतारे एक वाचेल, मराठी फेरफार दुसरा, आणि १९५६ च्या आधीच्या दप्तरासाठी मोडी येणारा एखादा निवृत्त कारकून दोघांनाही शोधावा लागेल. ग्रुपवर हे मी लिहिले, तेव्हा पहिल्या काकांनी विचारले, त्यांच्या जेवणाखाण्याचा खर्च कोण करणार. तो मी आणि आखाती देशांतले आमचे दोघे भाऊ मिळून करू, असे कळवले आहे.