तुतारीतून आलेली बाटली

रविवारी सकाळी पुतण्या कोकणातून तुतारी एक्सप्रेसने दादरला उतरला. पिशवीत काजू, आगळ आणि तळाशी पेपरात गुंडाळलेली कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली. "काका, ह्या आपल्या व्हाळाचा पाणी. तुझ्या लॅबमध्ये तपासून दी." व्हाळ म्हणजे गावचा ओढा.

पाणी तपासण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली. म्हटलं, बाबा, हा नमुना कुणी घेणार नाही. किती वाजता भरलीस? "पावसात." बर्फात ठेवली होतीस? तो नुसता हसला.

तरी बाटली ओट्यावर ठेवली. संध्याकाळपर्यंत वर कोऱ्या चहासारखं पाणी आणि खाली बोटभर लाल गाळ. बाटली जरा हलली की पुन्हा सगळं ढवळून निघायचं.

गावाच्या वरच्या अंगाला लोहखनिजाची खाण आहे. (नाव लिहीत नाही, गावात राहणाऱ्यांना उगाच ताप.) पावसात खड्डा भरतो, ते पाणी पंपाने उपसून तळ्यात घ्यायचं, गाळ खाली बसला की वरचं निवळ पाणी व्हाळात सोडायचं. पद्धत चुकीची नाही. पण गाळ बसायला वेळ लागतो आणि कोकणातला जुलै तो देत नाही. तळं भरून वाहू लागलं की आलं तसं पाणी खाली. 2021 च्या जुलैत दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावी खाणीचा बांध फुटला, तेव्हा लाल चिखल लोकांच्या घराशेतात घुसला होता. त्याची निदान बातमी झाली. रोज थोडा थोडा उतरतो त्याची होत नाही.

गावातल्या पोरांनी माहिती अधिकारात खाणीच्या पाणी तपासणीचे अहवाल काढलेत. सगळे पास. तारीख बघितली तर फेब्रुवारी, जागा तळ्याचा काठ. अहो, फेब्रुवारीत तळ्यातून थेंब बाहेर पडत नाही! माझं भांडण आकड्याशी नाही, बाटली कुठे आणि कधी बुडवली याच्याशी आहे.

आणि आकडाही अर्धवटच. तरंगत्या गाळाची मर्यादा लिटरला इतके मिलिग्रॅम अशी असते. समजा पाण्यात 80 आहे आणि ते मर्यादेत बसलं, म्हणजे पास. पण दिवसाला 10 लाख लिटर सुटत असेल तर 80 किलो गाळ झाला, सिमेंटची दीड गोणी, रोज. प्रवाह मोजलाच नाही तर हे कळणार कसं?

जिथे दगडात पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असतं तिथे हवा-पाणी लागून आम्ल तयार होतं, पीएच घसरतो. तिथली तपासणी वेगळी. आमच्याकडे मुख्य दुखणं गाळाचं. पहिल्या पावसात चढणीचे मासे व्हाळातून वर येतात, गोट्यांच्या फटीत अंडी घालतात. त्या फटीच बुजल्या तर? आमचे अण्णा रात्री बत्ती घेऊन कुर्ल्या (खेकडे) धरायला जायचे, ते आता व्हाळावरच्या साकवावरूनच, म्हणजे छोट्या पुलावरूनच परत फिरतात. हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

पुतण्याला मी जाताना चार स्वच्छ बाटल्या, थर्माकोलचा डबा आणि एक मार्कर दिला. तळ्याचं पाणी व्हाळाला मिळतं त्याच्या वर एक, खाली एक, दोन्ही एकाच तासात, पाऊस चालू असताना. वेळ बाटलीवरच लिही. धातूंसाठीची बाटली वेगळी, तिच्यात मी नायट्रिक ॲसिड आधीच घातलंय, तोंड लावू नकोस आणि विसळूही नकोस.

काल रात्री दीडला त्याचा फोन. "काका, पंप चालू झालो. जाव?"


म्हटलं, एकटा जाऊ नको, अण्णांना उठव.