नाव मोठं, पण गच्चीवर कोण चढतं?

सध्या एक मेसेज सोसायट्यांच्या आणि भावकीच्या ग्रुपवर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: 'सोलर बसवताय? गल्लीतल्या फिटरच्या नादी लागू नका. सबसिडी मोठ्या कंपनीकडूनच मिळते. त्यांचे इंजिनिअर ट्रेनिंग घेतलेले असतात, लोकल माणूस कशाही तारा जोडतो. तो उद्या दुकान बंद करून पळाला तर वॉरंटी कोण देणार? शिवाय घाऊक खरेदीमुळे मोठेच स्वस्त पडतात. नामांकित शोरूममधूनच घ्या.' खाली हात जोडलेले, आणि 'जास्तीत जास्त शेअर करा'.

मी सांगली-मिरजेकडे हाच धंदा छोट्या प्रमाणावर करतो. माझा यात स्वार्थ आहे, हे धरूनच पुढचं वाचा.

'सबसिडी मोठ्या कंपनीकडूनच मिळते'

हे सरळ खोटं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये मिळतात. सिस्टिम बसली, तपासणी झाली, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) लागला की पैसे थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येतात. ते माझ्या हातात येत नाहीत, तसे शोरूमच्याही येत नाहीत. अटी दोनच महत्त्वाच्या: बसवणारा नोंदणीकृत व्हेंडर हवा आणि पॅनल भारतात बनलेल्या सेलचं, म्हणजे डीसीआर हवं. व्हेंडरची यादी योजनेच्या पोर्टलवर कुणालाही बघता येते. त्यात बड्या कंपन्या आहेत आणि तासगाव-विट्याचे इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरही आहेत.

कर्जाचंही तेच. या योजनेत सरकारी बँका विनातारण कर्ज देतात, त्यासाठी शोरूमच्या हप्त्यांच्या स्कीमवर अडून राहायची गरज नाही.

'त्यांचे इंजिनिअर ट्रेनिंग घेतलेले असतात'

असतील. पण तुमच्या गच्चीवर ते येतात का? आमच्यासारख्यांनाच या मोठ्या नावांकडून फोन येतात: 'अमुक गावात तीन किलोवॅट आहे, स्ट्रक्चर (पॅनलखालचा लोखंडी सांगाडा) आणि वायरिंगला किलोवॅटमागे इतका दर देतो, जमतंय का?' दर इतका पाडून सांगतात की ज्याला जमतं त्याने कुठेतरी हात आखडलेला असतो. कधी तीन अर्थिंगपैकी (जमिनीत जाणाऱ्या सुरक्षेच्या तारा) तिसरं गाळलेलं असतं, कधी स्टेनलेसऐवजी साधे नट-बोल्ट मारलेले असतात. बिलावर नाव शोरूमचं, हात गावातल्याच पोरांचे. हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये आयकियाने २०१३ मध्ये दुकानातून सोलर विकायला काढलं तेव्हा त्यामागे हॅनर्जी ही चिनी कंपनी होती.

आणि 'मोठं नाव म्हणजे काम पक्कं' म्हणणाऱ्यांसाठी: ऑगस्ट २०१९ मध्ये वॉलमार्टने टेस्लावर दावा ठोकला होता. सात दुकानांच्या छतांवर टेस्लाच्या सोलरमुळे आगी लागल्या, बसवण्यात आणि देखभालीत हलगर्जी झाली, असा आरोप होता. नोव्हेंबरात तडजोड झाली. वॉलमार्टकडे वकिलांची फौज होती. आपल्याकडे काय आहे?

बसवण्याआधीच्या गच्चीच्या सर्व्हेबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण खरा घोळ तिथेच होतो. मोठ्यांचा सर्व्हे बऱ्याचदा कॉल सेंटरवरून, उपग्रहाचा फोटो बघून होतो. समजा मे महिन्यात कुणी गच्चीवर आलं, तरी त्याला काय दिसतं? सांगलीत मेच्या दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, पाण्याच्या टाकीची सावली टाकीच्या पायाशीच गोळा झालेली असते. म्हणून पॅनल टाकीच्या उत्तरेला खेटून ठेवलं जातं. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला कलतो. दीड मीटर उंच टाकीची सावली भर दुपारीच सव्वा मीटर उत्तरेला जाते, तीन-साडेतीनला ती अडीच मीटरच्या पुढे पसरते. पॅनल माळेत जोडलेली असतात, दोनांवर सावली पडली की सगळ्या माळेला फटका बसतो. मग जानेवारीत ग्राहक म्हणतो, 'ऊन तर कडक आहे, युनिट का कमी?'

दुसरं आमच्याकडचं दुखणं म्हणजे काजळी. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आसपासच्या गच्च्यांवर बॉयलरची काळी राख पडायला लागते, वर पाचट जाळल्याचा धूर. ती राख पहाटेच्या दवात भिजली की पॅनलच्या खालच्या कडेला चिकटून बसते आणि नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने निघत नाही. म्हणून कारखान्याच्या पट्ट्यात आम्ही पॅनलपर्यंत हात पोचेल अशी वाट सोडतो आणि नळ जवळ काढून देतो. मुंबई-पुण्यात बसून एकच डिझाइन सगळ्या जिल्ह्यांना लावणाऱ्याला हे सुचायचं कारणच नाही.

बाकी 'लोकल माणूस कशाही तारा जोडतो' यात तथ्य अजिबात नाही असं नाही. दोन वेगळ्या कंपन्यांचे एमसी४ कनेक्टर, म्हणजे पॅनलच्या तारा जोडायचे प्लग, एकमेकांत अडकवलेले मी पाहिलेत. ते बसल्यासारखे वाटतात, पण पकड नीट नसते, तापतात, आणि वर्ष-दोन वर्षांत प्लास्टिक वितळून काळं पडतं. हे काम आमच्यातल्यांनी केलेलं असतं, कधी स्वतःच्या नावाने, कधी बड्या नावाच्या बिलाखाली.

'तो पळून गेला तर वॉरंटी कोण देणार?'

हा प्रश्न रास्त आहे, आणि लोक यालाच सगळ्यात जास्त घाबरतात. पण वॉरंटी म्हणजे एकच कागद, अशी समजूत करून घेतली की भीती वाढते. पॅनलची वॉरंटी पॅनल बनवणारा देतो: बनावटीच्या दोषासाठी साधारण १० ते १२ वर्षं, आणि वीजनिर्मिती ठराविक टक्क्यांखाली जाणार नाही याची २५ वर्षं किंवा जास्त. इन्व्हर्टरची इन्व्हर्टर कंपनी देते, बहुतेक वेळा ५ ते १० वर्षं. बसवणाऱ्याकडे उरते ती कामाची जबाबदारी, आणि सूर्यघर योजनेत पाच वर्षं देखभाल करायचं बंधन प्रत्येक व्हेंडरवर आहे, लहान असो की मोठा.

म्हणजे उद्या मी खरंच दुकान बंद केलं, तरी पॅनल आणि इन्व्हर्टरची वॉरंटी बुडत नाही. बिल तुमच्या नावाचं असावं आणि त्यावर प्रत्येक पॅनलचा सिरियल नंबर असावा, एवढं मात्र बघाच. पॅनलवरच्या स्टिकरचा फोटो बसवायच्या आधी, ते खाली टेकवलेलं असतानाच काढून ठेवा. एकदा वर चढवलं की मागे वाकून नंबर वाचताना मान मोडते.

आणि मोठे पळत नाहीत, असं कुणी सांगितलं? अमेरिकेतली सनपॉवर १९८५ पासूनची सोलर कंपनी. ऑगस्ट २०२४ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. जून २०२५ मध्ये तिथलीच सनोव्हा ही सोलर कंपनी त्याच वाटेने गेली. तिथे लहान व्हेंडरही पुष्कळ बुडाले, ते लपवायचं कारण नाही. पण 'मोठं म्हणजे कायमचं' हे गणित काही बसत नाही. शिवाय मोठ्या कंपनीला बुडायचीही गरज नसते. फायदा दिसला नाही की ती सोलरचा विभाग गुंडाळते आणि तुमची तक्रार ॲपमध्ये 'प्रक्रियेत' म्हणून पडून राहते.

'घाऊक खरेदीमुळे तेच स्वस्त'

पॅनल त्यांना स्वस्त पडतं, हे मान्य. आम्ही वितरकाकडून घेतो, ते थेट कारखान्याकडून. पण तो वाचलेला पैसा जाहिरात, मॉलचं भाडं आणि सेल्समनच्या कमिशनमध्येच खर्ची पडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सोलर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तो दोघांनाही सारखाच. कोटेशन समोर ठेवून एवढंच बघा: दर सबसिडी धरून सांगितलाय की सोडून, पॅनल डीसीआर आहे का, आणि स्ट्रक्चर किती उंचीचं आहे. आमच्यातला जो फारच स्वस्त सांगतो, तो बहुधा डीसीआर नसलेलं पॅनल गळ्यात मारतो आणि ग्राहकाची सबसिडी अडकते.

मेसेजमध्ये नाही, पण मी स्वतः सांगतो: कारखान्याच्या शेडवर दोनशे-तीनशे किलोवॅट बसवायचे असतील तर मोठ्याकडेच जा. तिथे शेडवर पडणाऱ्या वजनाचा हिशोब, हाय टेन्शनची मंजुरी, विमा या गोष्टी आमच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. तीन किलोवॅटच्या घराला मात्र व्हेंडरने चार वर्षांपूर्वी केलेली एखादी गच्ची दाखवायला सांगा, आणि तिथल्या घरमालकाशी बोला, व्हेंडर जरा बाजूला गेल्यावर. शोरूमवाल्यालाही हेच सांगा. त्यानंतर किती जण पुन्हा फोन करतात ते बघा.