रेष शून्यावर नाही आणि म्हणे माईक बदला

आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक कटवर "टक्" येतंय असं सांगून बघा. पहिला सल्ला: माईक बदला. दुसरा: केबल बदला. तिसरा: अर्थिंग बघा. चौथा शहाणा भिंतीला फोम चिकटवायला सांगतो. सांगलीपासून मिरजेपर्यंत अशा फोमच्या खोल्यांना तोटा नाही, आणि टक् आपलं जागेवर! वेव्हफॉर्म, म्हणजे पडद्यावर दिसणारी आवाजाची लाट, मोठा करून मधली रेष शून्यावर आहे का एवढं बघायला दमडी लागत नाही. तेवढं सोडून सगळं करतील.

ह्या रोगाचं नाव डीसी ऑफसेट. आवाजाची लाट शून्याच्या वर-खाली नाचायला हवी, ती अख्खीच्या अख्खी एका बाजूला सरकून बसलेली असते. गोची अशी की हा ऑफसेट ऐकू येत नाही. हम ऐकू येतो, हिस ऐकू येतं, हा मुका. म्हणून कुणाला खराच वाटत नाही.

नुकसान मात्र रोकडं. पूर्ण पट्टी १ धरा आणि रेष ०.१ वर सरकली समजा. वरच्या बाजूला ०.९ जागा उरली, म्हणजे सुमारे ०.९ डेसिबल गेले. रेष ०.२ वर असली तर जवळपास २ डेसिबल. ठीक आहे, तेवढ्यानं कुणी मरत नाही. खरा वैताग एडिटिंगला बसलं की सुरू होतो. तुकडा कापला की सिग्नल ०.१ वरून थेट शून्यावर उडी मारतो, आणि ती उडी म्हणजेच ते टक्. भजनाच्या ट्रॅकला चाळीस कट, चाळीस टक्. ऑडॅसिटीत (रेकॉर्डिंगचं फुकट सॉफ्टवेअर) झेड दाबून लाट शून्याला छेदते ती जागा शोधायला जावं, तर शांत भागात लाट शून्याला शिवतच नाही. सापडणार काय, कपाळ? नॉइज गेट, म्हणजे ठरल्यापेक्षा बारीक आवाज बंद करणारं दार, −४० डेसिबलला लावलं, पण ०.१ चा ऑफसेट स्वतःच −२० डेसिबलचा आहे. पीक, म्हणजे लाटेचं सगळ्यात उंच टोक, मोजणाऱ्या साध्या गेटला वाटतं कुणीतरी गातंय, ते मिटतच नाही. मोठा आवाज दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचं तेच. गाणारा श्वास घेतोय आणि हा आपला दाबतोय.

तपासणी दोन मिनिटांची आहे. माईक काढा, नुसती शांतता दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि डावीकडच्या उभ्या पट्टीवर झूम करा. आकडाच हवा असेल तर ऑडॅसिटीत सॅम्पल डेटा एक्स्पोर्ट आहे, त्याच्या हेडरमध्ये डीसी ऑफसेट लिहून येतो. आता माईक लावून पुन्हा तेच. दोन्ही वेळा रेष तेवढीच सरकलेली असेल तर माईकचा काडीचा संबंध नाही, दोष साउंड कार्डाचा, म्हणजे आवाज कॉम्प्युटरात घेणाऱ्या भागाचा. आणि गाताना लाट एका बाजूला उंच दिसली म्हणून लगेच बोंब मारू नका. माणसाचा गळा किंवा सनई ह्यांची लाट जन्मतःच असमान असते, सरासरी शून्यच येते. निकाल शांततेवर लावायचा, गाण्यावर नाही.

दोष बहुतेक वेळा त्या स्वस्तातल्या यूएसबी काडीचा, नाहीतर लॅपटॉपच्या माईक जॅकचा. त्या जॅकमधून छोट्या कंडेन्सर माईकसाठी दोन-तीन व्होल्ट बाहेर येत असतात, आणि लोक तिथंच मिक्सरचा लाइन आउट खुपसतात! माईकच्या बारीक सिग्नलच्या जागी लाइनचा जोरदार सिग्नल आला की लाट एका बाजूनं आधी चेपते आणि सरासरी हलते. त्यात एकच जॅक असलेला लॅपटॉप असेल तर तो साध्या स्टिरिओ पिनेला हेडफोन समजतो आणि स्वतःच्या पडद्यावरचा माईक चालू ठेवतो. मग "मिक्सरवरून घेतलंय" म्हणून फाईल येते, आत पंखा फिरतोय. लाइन इन असलेला ऑडिओ इंटरफेस (बाहेरचं साउंड कार्ड) घ्या, विषय संपला. आणि उगाच कंडेन्सर माईकला वीज देणाऱ्या ४८ व्होल्टच्या बटणाला शिव्या देऊ नका. ते व्होल्ट अडवायला प्रीॲम्पच्या (माईकचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) तोंडाशी कपॅसिटर असतात.

विंडोजमध्ये माईकच्या प्रॉपर्टीजमध्ये एन्हान्समेंट्सचा टॅब असतो. ड्रायव्हरनं दिला असेल तर तिथं डीसी ऑफसेट कॅन्सलेशन सापडतं. टिक फक्त त्यालाच. शेजारच्या नॉइज सप्रेशनला केली तर मेलात. ते एकसारखा आवाज दिसला की कचरा समजून पुसतं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कारागीर जवारीसाठी, म्हणजे तारेच्या त्या गुंजनासाठी, जीव ओततात, तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, आणि इथं एक चौकोन तानपुऱ्याला पंखा ठरवून मोकळा!

झालेल्या रेकॉर्डिंगवरचा इलाज: अख्खा ट्रॅक सिलेक्ट करा, इफेक्टमध्ये नॉर्मलाइझ उघडा, डीसी ऑफसेट काढायचा चौकोन टिक करा आणि पीक वाढवायचा चौकोन काढून टाका, नाहीतर सगळ्या ट्रॅकच्या पातळ्यांचा घोळ होतो. हे पहिल्या कटच्या आधी, कॉम्प्रेसरच्या आधी. मधलाच तुकडा सिलेक्ट करून केलंत तर त्याच्या दोन्ही टोकांना नवी पायरी तयार होते, म्हणजे दोन टक् फुकट. ही पद्धत फक्त सरासरी वजा करते. ऑफसेट मध्येच हलत असेल तर ती पुरत नाही, तिथं २० हर्ट्झचा हाय पास, म्हणजे त्याखालचं गाळणारा फिल्टर, लावायचा, उतार दर सप्तकाला १२ डेसिबल. रीपर ह्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये रीईक्यू ह्या इक्वलायझरचा एक बँड हाय पास केला की झालं. गळ्याला ७०-८० हर्ट्झपर्यंत नेलं तरी चालतं, पण तोच आकडा डग्ग्यावर आणि पखवाजावर चढवणाऱ्याला काय म्हणावं? फिल्टर सुरुवातीला एक धप्प सोडतो, म्हणून ट्रॅकच्या तोंडाशी एक सेकंद मोकळा ठेवा आणि नंतर कापा.

चेपलेली लाट मात्र परत येत नाही. रेष खाली आणली की सपाट झालेलं टोक १ वरून ०.९ वर येतं, मीटर लाल होत नाही, आणि मंडळी खूश. फाटलेला आवाज फाटलेलाच!

ह्यावर कडी म्हणजे "मास्टरिंगला काढू", म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र झाल्यावर अगदी शेवटी. आठ ट्रॅक, प्रत्येकी ०.०२, सगळे एकाच बाजूला सरकलेले: बेरीज ०.१६. तोवर कॉम्प्रेसर त्या सरकलेल्या रेषेवर दाबून मोकळा झालेला असतो. आणि गणपतीच्या दोन दिवस आधी असली फाईल येते, सोबत मेसेज: नवीन माईक घेतलाय, आता क्लिअर येईल.