बत्तीसमधले चौसष्ट

काल दुपारी ११ जणांना एक मेल गेली. ‘प्रश्न सुटला. कारण : डेव्हलपर एक फाइल द्यायला विसरले होते.’ ते डेव्हलपर म्हणजे मी. बारावा, सीसीमध्ये.

विसरलो होतो, हे खरंच. पण एवढंच खरं नाही.

सी प्लस प्लसमधली एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा कोड, मी लिनक्सवर लिहितो आणि तिथेच बसून त्याचा विंडोजवर चालेल असा माल बनवतो, म्हणजे क्रॉस-कम्पाइल करतो. तो माल बनवणाऱ्या कम्पायलरच्या नावात ६४ दोनदा येतं आणि शेवटी ३२. बनवतो मात्र ६४ बिटांचंच. कॉन्फिगर करताना राबणाऱ्या मशीनला ‘बिल्ड’ म्हणायचं आणि तयार माल जिथे चालणार त्याला ‘होस्ट’. राबणारा एक, यजमान भलताच. तेव्हाच सावध व्हायचं, तर मी झिप करून पाठवून दिली.

फोन आला. कालची मेल लिहिणाऱ्या गृहस्थांचाच.

“एक फाइल सापडत नाही म्हणतोय.”

“कोणती?”

“एल. आय. बी. जी. सी. सी. मग आडवी रेघ, पण खाली बसलेली. एस. परत तसलीच रेघ. एस, ई, एच. आता रेघ वर आलीय. एक. डॉट डीएलएल.”

“अंडरस्कोर.”

“तेच ते. प्रोग्राम पुन्हा टाकून बघा, असं खाली लिहिलंय. मी तीनदा टाकला.”

डीएलएल म्हणजे प्रोग्रामला चालताना लागणारी जोडफाइल. झिपमध्ये जी नाहीच, ती तीनदा उघडून कुठून येणार? पण विंडोज तसं सुचवतं खरं, आणि गृहस्थ आज्ञाधारक.

“थांबा, मी पाठवतो.”

“नको, नेटवरून उतरवली. एक साइट आहे, सगळ्या डीएलएल फुकट देतात.”

माझ्या पोटात गोळा आला. “टाकलीत कुठे?”

“दोन फोल्डर आहेत ना, सिस्टिम३२ आणि सिसवॉव६४. आपलं ६४ बिटांचं. म्हणून ६४ मध्ये टाकली.”

इतकं तर्कशुद्ध बोलणं मी त्या आठवड्यात दुसरं ऐकलं नव्हतं. आणि ते साफ चूक होतं.

“अहो, ६४ बिटांच्या फायली ३२ मध्ये असतात.”

शांतता.

“आणि ६४ मध्ये?”

“३२ च्या.”

“सर, तुम्ही लिनक्सवाले ना?” तापात बरळणाऱ्याला त्याचं नाव विचारावं, इतक्या मायेने.

मग मी समजावत बसलो. जुन्या प्रोग्रामांत ‘सिस्टिम३२’ हे नाव कोरलेलं होतं, म्हणून ६४ बिटांचं विंडोज आलं तेव्हा पाटी तीच ठेवून आत नवं बिऱ्हाड घातलं, आणि ३२ वाल्यांना शेजारच्या खोलीत हलवलं. वॉव६४ म्हणजे ६४ वर चालणारं ३२. हे सगळं मी सांगायचं! मी ते विंडोज बनवलेलं नाही, वापरतही नाही. तरी त्यांच्या पाट्यांची लाज मला वाटत होती, आणि त्या पाट्या लावणाऱ्यांना कुणी कधी मेलमध्ये धरलं नसेल.

“मग आता ३२ मध्ये टाकू?”

“कुठेच टाकू नका! ती उतरवलेली फाइल आधी उडवा. मी देतो ती प्रोग्रामशेजारी, त्याच फोल्डरमध्ये ठेवा.”

“त्याच म्हणजे? ३२ की ६४?”

फोन ठेवल्यावर मी माझं माझं तपासलं. वाइनवर, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सोयीवर, माझ्याकडे सगळं बिनबोभाट चाललं होतं, कारण अशा फायली जिथे शोधल्या जातात त्या शोधवाटेत कम्पायलरचं फोल्डर मीच कधीतरी घालून ठेवलं होतं. त्यामुळे राहिलेली फाइल मला आयतीच मिळत होती. चूक माझीच, ती मी कुणालाही सांगितली असती, ११ जण सोडून. आता ते सगळं लायब्ररीतच स्टॅटिक, म्हणजे कायमचं आत, जोडून टाकलंय, सुटी फाइल द्यायचा प्रश्नच नको. झिप फुगली, फुगू दे.

आज सकाळी त्या ११ मधल्या एकाने सगळ्यांना उत्तर पाठवलं : ‘चिकाटीने कारण शोधल्याबद्दल आभार.’ त्यांचे.