नासर नसलेलं नासरचं चित्र

राष्ट्राध्यक्ष गमाल अब्देल नासरच्या काळातल्या इजिप्तचं सगळ्यात चांगलं सरकारी चित्र कोणतं, असं कुणी विचारलं तर मी जे दाखवीन त्यात नासर नाहीच. अब्देल हादी अल-गझ्झार या चित्रकाराने १९६२ साली काढलेलं 'सनद' हे ते चित्र. नेता, सरकार, देश, जनता असं सगळं त्यात आहे, फक्त साहेबांचा चेहरा नाही.

सत्तेसाठी काढलेलं चित्र म्हणजे हुजरेगिरी, विषय संपला, असं ठणकावून सांगणारे मित्र मला आहेत. बहुतेक वेळा त्यांचं बरोबरच असतं. चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स बघत लहानाचे मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं सांगायची गरजही नाही. पण गझ्झारच्या बाबतीत हा निकाल फार घाईचा वाटतो, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आधी ज्यात नासर आहे ते चित्र बघू. हामेद ओवैसने १९५७ साली सुएझ कालव्याच्या राष्ट्रीयीकरणावर चित्र काढलं. २६ जुलै १९५६ ला अलेक्झांड्रियाच्या मनशिया चौकात नासरने ती घोषणा केली होती. याच चौकात दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबर १९५४ मध्ये, भाषण चालू असताना त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. म्हणजे प्रसंग असा की चित्रकाराला वेगळा मसाला घालायची गरजच नाही. ओवैसने नासर मधोमध घेतला, भला थोरला, आणि भोवती साधी माणसं. ओवैस स्वतः बेनी सुएफकडच्या शेतकरी घरातला, कष्टकऱ्यांची चित्रं त्याने मनापासून काढली, त्याच्या हेतूबद्दल माझ्या मनात अजिबात शंका नाही. हात दणकट, आकार ठोस. पण चित्र एका नजरेत संपतं. नेता मोठा, लोक खूश. बरं, पुढे? त्या गर्दीतल्या एखाद्या बाईच्या घरी त्या दिवशी काय शिजलं असेल, हा प्रश्न ते चित्र मनात येऊच देत नाही.

गझ्झारची गोष्ट मात्र नेमकी तिथूनच सुरू होते, ताटापासून.

जन्म १९२५, अलेक्झांड्रियाचा. वडील धार्मिक शिक्षण घेतलेले. पुढे कुटुंब कैरोत सय्यिदा झैनबच्या भागात आलं. तिथे दर्गा, उरूस, ताईत, भुतं उतरवणारे, गारुडी, भविष्य सांगणाऱ्या बायका. पोरगा हे सगळं बघत वाढला. शाळेत हुसेन युसूफ अमीन नावाचे चित्रकला शिक्षक भेटले. हा माणूस खरंच मोठा. पोरांना तो सांगायचा की युरोपियन सलोनमधली, म्हणजे तिकडच्या प्रतिष्ठित चित्रप्रदर्शनांतली, फळं-फुलं सोडा, गल्लीत काय चाललंय ते काढा. गझ्झार वैद्यकीय शिक्षण अर्ध्यात सोडून चित्रकलेकडे आला आणि १९४६ मध्ये अमीनसरांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन 'समकालीन कला गट' काढला. हामेद नदा, समीर राफी हे त्यातलेच.

मग ते चित्र आलं. ओळीने उभी माणसं, बहुतेक बायका, पाय अनवाणी, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात जमिनीवर रिकामं ताट. कुणी रडत नाही, कुणी हात पसरत नाही. शाळेच्या फोटोला उभं राहावं तशी उभी आहेत. रिकाम्या ताटांची ती ओळच पुरेशी आहे, वर आणखी काही सांगावं लागत नाही. १९४९ मध्ये ते प्रदर्शनात लागलं आणि राजा फारूकच्या पोलिसांनी चित्रकाराला उचललं, सोबत गुरुजींनाही. आरोप काय असणार ते तुम्ही ओळखाल. देशाची बदनामी करणाऱ्यांच्या यादीत भुकेलेल्यांचं चित्र काढणारा कायम सगळ्यात वर असतो.

त्यांना सोडवलं कुणी, ते ऐका. मोहम्मद नागी आणि महमूद सईद या दोन ज्येष्ठ चित्रकारांनी शब्द टाकला. नागी माजी मुत्सद्दी. सईद तर पंतप्रधानाचा मुलगा, बरीच वर्षं न्यायाधीश, आणि राणी फरीदाचा सख्खा मामा! राजघराण्याशी इतकं जवळचं नातं असलेला माणूस भुकेच्या चित्रासाठी रदबदली करतो, ही गोष्ट मला फार आवडते. (सईदची स्वतःची चित्रं हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे. दिवसा कोर्ट आणि उरलेल्या वेळात कोळीवाड्यातल्या बायका रंगवणारा हा न्यायाधीश १९४७ ला राजीनामा देऊन पूर्णवेळ चित्रकार झाला.)

१९५२ ला नासर आणि त्याच्या साथीदार लष्करी अधिकाऱ्यांनी फारूकला गादीवरून उतरवलं. नवं सरकार आलं आणि त्याने कलावंतांना जवळ केलं. सांस्कृतिक मंत्री सरवत ओकाशांच्या काळात चित्रकार-लेखकांना नोकरीच्या जाचातून सोडवून पूर्णवेळ काम करता यावं म्हणून पगारी मोकळीक देणारी योजना आली. गझ्झारला इटलीत शिकायला मिळालं, परदेशी प्रदर्शनांत त्याची चित्रं लागली. कालपर्यंत पोलीस दारात, आज सरकार पाठीशी. यात तो विकला गेला, असं म्हणणारे म्हणतात.

आता 'सनद' बघा. २१ मे १९६२ ला नासरने 'राष्ट्रीय सनद' मांडली. आदल्या वर्षी बँका आणि मोठे कारखाने सरकारच्या ताब्यात गेले होते, त्याला वैचारिक चौकट हवी होती. अरब समाजवाद, एकच राजकीय संघटना, निवडून येणाऱ्या संस्थांमध्ये निम्म्या जागा शेतकरी-कामगारांना, बाईला पुरुषाच्या बरोबरीचं स्थान. त्याच वर्षी हिकमत अबू झैद मंत्रिमंडळात आल्या, इजिप्तच्या पहिल्या महिला मंत्री. हा एवढा सरकारी दस्तऐवज घेऊन चित्र काढायचं म्हणजे ते नव्वद टक्के पोस्टर होणार, हे ठरलेलंच.

गझ्झारने मधोमध एक बाई उभी केली. चित्रभर व्यापलेली, एखाद्या जुन्या झाडासारखी. चेहरा हिरवट. डोक्यावर मुकुट, त्यावर प्रजासत्ताकाचा गरुड. हातात सनद. दोन बाजूंना शेतकरी आणि कामगार. आता हे सगळं तर दस्तऐवजातून उचललेलं, निम्म्या जागांच्या हिशेबासकट. शिवाय देश म्हणजे बाई हेही इजिप्तला नवं नाही. महमूद मुख्तारचं 'इजिप्तचं पुनरुत्थान' हे प्रसिद्ध शिल्प १९२८ पासून कैरोत उभं आहे, त्यातही स्फिंक्सशेजारी शेतकरी बाईच आहे.

पण मुख्तारची बाई डोक्यावरचा पदर बाजूला सारते, देखणी आहे, पहाटेच्या उत्साहाची आहे. गझ्झारची बाई अजिबात उत्साही नाही. तिचे डोळे बघा. ते सय्यिदा झैनबच्या गल्लीतले डोळे आहेत, उरुसातल्या भविष्य सांगणारीचे, रिकाम्या ताटापुढे उभ्या असलेल्या त्या बायकांचे. हातात सरकारी पुस्तक आणि चेहरा ताईतावरचा. तिला मुकुट घातलाय, पण ती मिरवत नाहीये. ती जाहीरनामा वाचून दाखवतेय की मंत्र टाकतेय, कळत नाही. आणि ज्यांना निम्म्या जागा मिळायच्या ते दोघं तिच्याशेजारी केवढेसे दिसतात!

माझं म्हणणं एवढंच की सरकारने विषय दिला असेल, बायका गझ्झारने आपल्याच आणल्या. १९४९ ची ओळ त्याने मोडली नाही, त्यातल्या एकीला पुढे बोलावून तिच्या डोक्यावर गरुड ठेवला. हे कौतुक आहे की आठवण करून देणं आहे? मला तरी दोन्ही वाटतं. त्याने नासरला फसवलं, गुपचूप विरोध रंगवला, असलं काही मी म्हणणार नाही. तसं म्हणायची हल्ली फॅशन आहे, प्रत्येक सरकारी चित्रात बंडखोरी शोधायची. गझ्झारचा त्या स्वप्नावर विश्वास असावा असंच चित्रं बघून वाटतं. भुकेल्या बायकांची बाजू घेणाऱ्याला जमीन आणि भाकरी वाटायला निघालेल्या सरकारवर विश्वास ठेवावासा वाटला, यात विकलं जाण्यासारखं काय आहे?

त्याचं १९६४ चं 'उंच धरण' मात्र मला अस्वस्थ करतं. अस्वानच्या धरणाचं काम जानेवारी १९६० मध्ये सुरू झालं आणि मे १९६४ मध्ये सोव्हिएत नेता ख्रुश्चेवच्या हजेरीत नाईलचा प्रवाह वळवला गेला. त्या वर्षीचं हे चित्र म्हणजे अक्षरशः पोर्ट्रेट आहे. एका पुरुषाचा चेहरा, फॅरोच्या पुतळ्यासारखा शांत, आणि खालचं शरीर सगळं यंत्रांचे भाग, नळ्या, तारा. हा धरण बांधणारा नवा इजिप्शियन माणूस, असं एक वाचन. यात नासर दिसतो, असं दुसरं. मला दिसतं ते असं की ज्या चित्रकाराने आयुष्यभर माणसाच्या अंगावर ताईत, साप, गोंदण काढलं, त्याने इथे त्या जागी तारा काढल्या. माणूस तेव्हाही कशाने तरी बांधलेला होता, आताही आहे. ज्या काळात हे रंगवलं जात होतं त्याच काळात धरणापायी पन्नास हजारांच्या आसपास न्युबियन लोक, म्हणजे इजिप्तच्या दक्षिण टोकाला नाईलकाठी राहणारे, गावं सोडून कोम ओम्बोकडे हलवले जात होते. तहिया हलीमसारख्या चित्रकारांनी ती न्युबियन गावं आणि माणसं रंगवून ठेवली. गझ्झारच्या या चित्रात ते लोक नाहीत. ही त्या चित्राची मर्यादा आहे आणि ती मी लपवणार नाही.

गझ्झार १९६६ मध्ये गेला, जेमतेम चाळिशीत. जून १९६७ च्या युद्धातला इस्रायलकडून झालेला पराभव त्याने पाहिला नाही. ओवैसने पाहिला आणि त्यानंतर बंदूक घेतलेला एक अवाढव्य माणूस काढला, ज्याच्या आडोशाला सगळं जनजीवन चाललंय. त्या वेळी त्याने मधल्या जागेवर नेता न घेता साधा माणूस घेतला. १९५७ च्या चित्रापेक्षा मला ते कितीतरी सरस वाटतं.

कुणी कैरोला जाणार असेल तर गझीरा बेटावर ऑपेराच्या आवारात आधुनिक इजिप्शियन कलेचं संग्रहालय आहे, तिथे गझ्झार बघायला मिळतो. पिरॅमिडवाल्या टूर सहसा तिकडे फिरकत नाहीत, स्वतःच वेळ काढून जावं लागेल. निघण्याआधी ते उघडं आहे ना, तेवढी चौकशी करा.